पाणी नाखव्याचं, गोंद माझा

संपादकबाईंचा फोन आला तेव्हा मी उरणच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या बंगल्यात खांद्यापर्यंत हात खाऱ्या पाण्यात घालून उभा होतो. कोरड्या हाताने फोन कानाला लावला. "जनार्दनराव, आमच्या दिवाळी अंकासाठी तुमच्या धंद्यातल्या गमतीजमती लिहा की! एकेक नमुनेदार गिऱ्हाइकं भेटत असतील तुम्हाला," बाई म्हणाल्या. मी म्हटलं, लिहितो. गमती आहेतच. पण लिहायला बसलो की चार ओळींनंतर माझं पेन एकाच जागी जाऊन अडतं. म्हणून गमती आधी सांगून टाकतो आणि मग जे सांगायला लाज वाटते ते सांगतो. ज्यांना फराळ खाता खाता हसायचंय त्यांनी अर्ध्यावर पान उलटावं, माझा राग नाही.

माझा धंदा आधी समजून घ्या. बावीस वर्षं मी बंदरावर फायबरच्या मच्छीमार बोटी दुरुस्त केल्या. बोटीला भोक पडलं की काचेच्या धाग्याची चटई लावायची, वर रेझिन फासायचं, सुकलं की घासायचं. त्या वासाने छाती भरायला लागली तेव्हा डॉक्टर म्हणाले, पुरे. त्याच सुमारास कोणीतरी मला काचेची गळकी माशांची पेटी दाखवली. म्हटलं, गळती ती गळती! बोटीत पाणी आत येतं, इथे बाहेर जातं, एवढाच फरक. तो एवढाच फरक नव्हता, हे कळायला मला पुढे फार मोठी किंमत मोजावी लागली. मला म्हणजे, मोजली दुसऱ्यानेच.

तर आता अकरा वर्षं मी खाऱ्या पाण्याच्या पेट्या सांभाळतो. गोड्या पाण्यातले लाल-पिवळे मासे नव्हेत. समुद्राचं पाणी, त्यात जिवंत दगड, म्हणजे बारीक जीव वस्तीला असलेले, दगडावर प्रवाळ, ज्याला हल्ली सगळे कोरल म्हणतात, आणि त्यात चार-दोन मासे, कोळंबी, गोगलगायी. कोरल म्हणजे झाड नव्हे, प्राणी आहे. दिवसा फुलतो, बिनसलं की मिटतो. आपल्या किनाऱ्यावरून कोरल उचलणं गुन्हा आहे, ते मी करत नाही आणि कोणाला करू देत नाही. पेटीतच वाढवलेल्या कोरलचे तुकडे कागदपत्रांसकट येतात, ते दगडावर बसवायचे. बसवायचे कशाने? गोंदाने. आमच्या धंद्यात अर्धी अक्कल पाण्याची लागते आणि अर्धी गोंदाची.

गोंदाचे तीन प्रकार ध्यानात ठेवा. पहिला, तुटलेली चप्पल चिकटवतो ना आपण, तो झटक्यात चिकटणारा गोंद. तो पाण्याने उलट लवकर धरतो. पण तो जेलसारखा घट्ट हवा. पातळ असला की पाण्यात पांढरे धागे होऊन पसरतो आणि मासा ते खायला धावतो. हरभऱ्याएवढा थेंब पुरे. दुसरी, दोन रंगांची मळायची पुट्टी. ती दोन्ही रंग दिसेनासे होईपर्यंत मळायची, आणि एका वेळी लिंबाएवढीच वापरायची. जास्त घातली की पाणी दुधासारखं होतं आणि फेस काढणारं यंत्र वेड्यासारखं उतू जातं, म्हणून ते यंत्र काही तास बंद ठेवायचं. तिसरं, सिलिकॉन, काच काचेला जोडायला. त्याची गोष्ट पुढे येणारच आहे.

हातमोजे घालायचेच, पण सुती नव्हे. झटक्यात चिकटणारा गोंद सुतावर सांडला तर असा तापतो की कातडी भाजते. रबराचे घाला. आणि काही कोरल चिरले की विषारी चीक उडतो, म्हणून डोळ्याला चष्मा हवा. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. ते मान डोलवतात आणि मी जिन्यावरून उतरायच्या आत उघड्या हाताने सुरू करतात.

त्यातले बिनीचे वीर म्हणजे आमचे गजाननशेठ. दहा-बारा ट्रेलर आहेत, गळ्यात बोटाएवढी चेन. एका दुपारी हे माझ्या दारात मोटरसायकलवर मागे बसून आले, उजवा हात टॉवेलात गुंडाळलेला. मला वाटलं अपघात झाला. "जनूभाऊ, टेन्शन नको घेऊ, फक्त हा धोंडा काढ," म्हणाले. टॉवेल सोडला तर आत अर्धा किलोचा दगड तळहाताला चिकटलेला, आणि दगडावर कोरलचा तुकडा डौलात उभा! शेठनी कोरल सरळ बसावा म्हणून दगड मुठीत घट्ट धरून वीस मिनिटं मोजली होती. "हात जाऊ दे, कोरल वाचव. लई महाग हाय," असं वर मलाच सांगतात. मी दगडाचं वरचं टोक मिठाच्या पाण्याच्या बादलीत राहील असा शेठचा हात उलटा धरला आणि तळव्याच्या कडेने कोमट साबणाचं पाणी सोडत बसलो. ओढायचं नाही, कितीही वाटलं तरी ओढायचं नाही. पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात शेठ तीन फोन घेऊन तीन ड्रायव्हरांना शिव्या देऊन झाले. कोरल जगला. शेठच्या तळव्यावरची भाग्यरेषा मात्र त्या दगडावर राहिली, असं ते स्वतःच सांगत फिरतात.

हरिहरेश्वरच्या एका हॉटेलवाल्याने पेटीतली सजावट गरम गोंदाच्या पिस्तुलाने चिकटवली होती. आठवड्यात शंख, शिंपले, छोटं मंदिर, सगळं सुटून तरंगायला लागलं. मला बोलावून म्हणतो, "मंदिर वर आलं, शुभशकुन म्हणायचा का?" मी म्हटलं, "पाहुण्यांना तसंच सांगा, पण गोंद बदला."

झाल्या गमती. आता नाखव्याकडे येतो.

धर्मानाखवा आमच्या बंदरावरचा जुना कोळी. माझ्या वडिलांचं मिठागर होतं, आम्ही आगरी. त्यांची आणि नाखव्याची दोस्ती, म्हणून मी त्यांच्या मांडीवर खेळलेला. वय झाल्यावर त्यांनी मोठी बोट पोरांच्या हाती दिली आणि स्वतःकडे लहान होडी ठेवली. मी पेट्यांच्या धंद्यात पडलो तेव्हा पाण्याचा प्रश्न आला. मुंबईत लोक पाकिटातलं मीठ गाळलेल्या पाण्यात कालवून समुद्र बनवतात. मी म्हटलं, दारात समुद्र असताना पाकीट कशाला? पण दारातला समुद्र म्हणजे खाडी, गाळ, जहाजांचं तेल. चांगलं पाणी कुठे मिळेल ते नाखव्याला ठाऊक. भर भरतीला, जहाजांची वाट टाळून, ते लांब बाहेर जायचे. पावसाचे चार महिने आणि वर एक महिना पाणी आणायचंच नाही. कॅन पांढरे, कोरे, डिझेलला कधी न लागलेले, समुद्राच्याच पाण्याने धुऊन उन्हात वाळवलेले. आणि भरण्याआधी ओंजळीत पाणी घेऊन जिभेवर ठेवायचे, चूळ थुंकायचे आणि सांगायचे, "हितं खारीचं पानी हाय, पुढं चल." खारीचं म्हणजे खाडीचं. माझ्याकडे खारेपणा मोजायचं काचेचं यंत्र आहे. सुरुवातीला मी त्यांच्यामागे मोजून बघायचो. नंतर सोडून दिलं, कारण यंत्र आणि नाखवा कधी भांडलेच नाहीत. बंदरावरची माणसंसुद्धा जाळं कुठे टाकायचं ते त्यांना विचारून जायची. पाण्याची चव सांगतो म्हणून अख्ख्या बंदराला त्या म्हाताऱ्याचा अभिमान होता. त्यांना स्वतःलाही होता, दाखवत नसले तरी.

पाच घरांत त्यांचं पाणी जायचं. त्यातली सगळ्यात सुंदर पेटी दातांच्या डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात, पेशंट बसतात तिथे. अडीच फुटांची. केशरी-पांढऱ्या माशांची जोडी, लाल पट्ट्यांची कोळंबी, हिरवे, जांभळे कोरल. दाढ उपटायला आलेली माणसं त्या पेटीपुढे बसून दुखणं विसरायची. डॉक्टरबाईंनी ती तीन वर्षं जीव लावून वाढवली होती.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळी होऊन गेली होती. पेटीच्या मागच्या कप्प्यातली आडवी काच सुटली आणि पाणी जमिनीवर यायला लागलं. रविवारी दवाखाना बंद, म्हणून मी रविवारी गेलो. जनावरं टबात काढली, हवेचा पंप लावला, कप्पा रिकामा केला, जुनं सिलिकॉन खरवडलं, काच स्पिरिटने पुसली. इथवर सगळं नियमाने. मग पिशवीतली सिलिकॉनची नळी काढली तर ती आतल्या आत सुकून दगड झालेली.

पेटीला सिलिकॉन साधंच लागतं. सुकताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, ते. मुंबईचा दुकानदार, ज्याच्याकडून मी माल आणतो, पहिल्याच दिवशी मला म्हणाला होता, "जनूभाई, सादावाला लेना, एकदम सादा. उसपे कुछ भी फायदा लिखा हो ना, तो मत लेना." न्हाणीघराचं, खिडकीचं सिलिकॉन असतं त्यात बुरशी मारायचं औषध मिसळलेलं असतं. ते औषध पाण्यात झिरपतं. आणि साधं असलं तरी निदान दोन दिवस, जमलं तर आठवडाभर सुकू द्यायचं, वास पूर्ण जाईपर्यंत.

माझ्या स्कूटरच्या डिकीत एक नळी होती. एका ट्रॉलरच्या केबिनची खिडकी बसवून उरलेली. तिच्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, बुरशी धरत नाही.

आता इथे मला नीट लिहू द्या, कारण इथेच मी चार वर्षं स्वतःशी लबाडी केली. मी दुकानदाराचं बोलणं विसरलो नव्हतो. आठवलं होतं. नळी हातात धरूनच आठवलं. पण बावीस वर्षं बोटींच्या बुडाखाली काढलेल्या माणसाचं डोकं कसं चालतं ते सांगतो. बोटीला काय हवं असतं? तिच्यावर काही उगवू नये. शेवाळ नको, कालवं नकोत, शिंपले नकोत. आम्ही बुडाला रंग फासायचो तोसुद्धा विषारीच, का तर जो किडा चिकटेल तो मरावा. ज्याच्या कामावर काही उगवलं नाही तो चांगला कारागीर. त्या नळीवरचे शब्द वाचले आणि माझ्यातला बोटवाला म्हणाला, अरे हे तर वरच्या दर्जाचं! आणि पेटीला नेमकं उलटं हवं असतं. तिथे सगळं उगवायला हवं. दिसतं तेही आणि डोळ्याला दिसत नाही तेही. हा फरक मला पाठ होता, आणि तरी हाताने जुन्या सवयीचं ऐकलं.

दुसरं कारण याहून हलकं. सोमवारी माझ्या भाचीचा साखरपुडा होता. मामाने पहाटेपासून उभं राहायला नको? मला रविवारीच मोकळं व्हायचं होतं. एवढ्याशा फटीत जाऊन जाऊन किती जाणार, म्हटलं. लावलं. पंखा सोडला. दोन दिवस कुठले, चार तास सुकू दिलं.

संध्याकाळी नाखवा पोराच्या टेम्पोतून तीन कॅन घेऊन आले. त्यांनी झाकण उघडून बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि म्हणाले, "बग जनू, आजचं पानी कसं मस्त हाय." आम्ही दोघांनी मिळून पेटी भरली. मासे सोडले, कोळंबी सोडली. नाखवा थोडा वेळ काचेपुढे उकिडवे बसून बघत राहिले. "देवाची करनी बगा," म्हणाले आणि गेले.

सोमवारी मी नव्या शर्टात, भाचीच्या सासरच्यांना हात जोडत उभा होतो तेव्हा डॉक्टरबाईंचा फोन आला. "जनार्दनराव, लगेच या. कोळंबी उलटी पडलीय आणि कोरल सगळे मिटलेत."

दुपारी पोचलो. कोळंबीचे पाय अजून हलत होते. कोरल कसले, दगडावरून चिकट बुळबुळ गळत होती नुसती. माशांची जोडी पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होती. मी धावपळ केली, विष शोषून घेणारा कोळसा घातला, पाणी उपसलं. संध्याकाळपर्यंत दोन्ही मासे गेले. बुधवारपर्यंत गोगलगायींसकट सगळी पेटी मेली. काय झालं ते मला दारातच कळलं होतं. त्यात शंका नव्हतीच.

डॉक्टरबाई हातमोजे न काढताच बाहेर आल्या होत्या. त्यांचे डोळे भरलेले. "कशाने झालं हो?" एवढंच त्यांनी विचारलं.

कोपऱ्यात नाखव्याचे तीन रिकामे कॅन उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. आणि म्हणालो, "काल नवीन असं फक्त पाणीच घातलं."

बस्स. एवढंच वाक्य. मी नाखव्याचं नाव घेतलं नाही. पुढची चार वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो, की बाबा रे, तू तर नावसुद्धा घेतलं नाहीस! माणूस किती हलकट असू शकतो ते बघा. गुरुवारी बाई पेशंटमध्ये गुंतल्या असताना मी ते सिलिकॉन खरवडून काढलं आणि साधं लावलं. या वेळी आठवडाभर सुकवलं. ती नळी मात्र मी फेकली नाही, शेडमधल्या पत्र्याच्या डब्यात ठेवली. का ठेवली ते विचारू नका.

डॉक्टरबाई भल्या. दुसऱ्या कोणाचं नुकसान होऊ नये म्हणून त्यांनी उरलेल्या चार घरांना फोन केले. सगळ्यांनी नाखव्याचं पाणी बंद केलं आणि पाकिटातलं मीठ सुरू केलं. ते मीठही मुंबईहून मीच आणून देत होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी नाखवा माझ्या अंगणात आले. हातात करवंटीएवढ्या दोन पापलेटांची पिशवी. मी खुर्ची दिली, ते बसले नाहीत. उभ्यानेच म्हणाले, "जनू, माजी चूक जाली रं. डॉक्टरीनबायचे मासे माज्यामुलं मेले."

मी त्यांच्या हातातली पिशवी घेतली.

"मना गोडच लागलं व्हतं पानी. म्हंजे, जसं लागाया होवं तसंच. पन नसंल तसं. कंच्यातरी जाजानं तेल सोडलं आसंल आनि मना कललं नाय. जीभ म्हातारी जाली माजी. तुज्या धंद्याला बट्टा लागला, मना माफ कर."

सत्तरी ओलांडलेला माणूस, ज्याच्या मांडीवर मी खेळलो, तो माझ्यापुढे हात जोडून उभा. एक शब्द बोललो असतो तर संपलं असतं. घरात बायको होती, शेजारी होते, कोणी मला फाशी देणार नव्हतं. फार तर एक गिऱ्हाईक गेलं असतं. आणि मी काय म्हणालो? म्हणालो, "असू दे नाखवा. होतं असं कधी कधी."

मी त्यांना माफ केलं! माझ्या गुन्ह्याबद्दल मी त्यांना मोठ्या मनाने माफ करून टाकलं. पापलेट बायकोने तळले. घशाखाली उतरणार नाहीत असं वाटलं होतं. उतरले. खोटं कशाला सांगू, चवदार होते.

त्यानंतर नाखवा पेट्यांच्या वाटेला आले नाहीत. रस्त्यात भेटले की तेच आधी नजर चुकवायचे, आणि मला, लाज वाटण्याऐवजी, बरं वाटायचं. डॉक्टरबाईंची पेटी मी पुन्हा उभी केली. मला लोक गोंदाचं विचारायला लागले, मी सांगायला लागलो. साधं सिलिकॉन, सुती मोजे नकोत, आठवडाभर धीर धरा. या विषयातला जाणकार म्हणून माझं नाव झालं. प्रत्येक वेळी सांगताना जीभ अडखळायची, पण लोकांना वाटायचं अनुभवी माणूस तोलून बोलतोय.

यंदा उन्हाळ्यात मासळी बाजारात नाखव्यांची सून भारती भेटली. ती बाजारात बसते. माझ्या पिशवीत बोंबील टाकता टाकता म्हणाली, "भाऊ, आमच्या बाबांना जरा समजवा ना. तुमचा ऐकतीन."

"का, काय झालं?"

"कालवन चाखून बगा बोलली, तर नाय बोलतान. मना इचारू नको, माजी जीभ मेली, बोलतान. आंधी माज्या कालवनाला रोज नावं ठेवायची, मीठ जास्त, चिंच कमी. मना राग यायचा. आता चार वर्सं जाली, ताटात वारू ते गुपचूप जेवतान. पोरं इचारतान, बाबा जालं कुठं टाकू, तर बोलतान, तुमचा तुमी बगा. डागदराला दाखवली जीभ. डागदर बोलला कायपन जालेलं नाय." तिने कोयता खाली ठेवला. "भाऊ, मानूस हाय पन घरान नसल्यासारका."

बोंबील घेऊन मी बाजाराबाहेर आलो आणि एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो. चार वर्षं मी समजत होतो की नाखव्यांची पाच घरं गेली, बिचारे, एवढंच. मी त्यांच्या तोंडातली चव काढून घेतली होती. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला आणि स्वतःच्या जिभेवर ठेवला नाही.

आधी डॉक्टरबाईंकडे गेलो, कारण नाखव्यांचं नाव गेलं होतं ते तिथून. नळी बरोबर नेली. पेशंट जाईपर्यंत थांबलो आणि सगळं सांगितलं. बाईंनी नळी हातात घेऊन त्यावरची अक्षरं वाचली, दोनदा. मग म्हणाल्या, "मी रोज माणसांच्या तोंडात सिमेंट भरते, जनार्दनराव. त्यातून काय झिरपेल ते कळल्याशिवाय मी कणभर वापरत नाही. तुम्ही फोन करून मला विचारलं असतं तरी चाललं असतं. पण ते सोडा. चूक कोणाकडूनही होते. तुम्ही त्या म्हाताऱ्या माणसाचं नाव माझ्या तोंडून चार घरांत खराब केलंत. माझ्या तोंडून!" शेवटचे शब्द बोलताना त्यांचा आवाज चढला. "मी सगळ्यांना आजच फोन करते. नाखव्यांनाही करते. तुम्ही उद्यापासून येऊ नका."

बरोबरच होतं. मी नमस्कार केला आणि निघालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी नाखव्यांकडे गेलो. ते ओटीवर जाळं विणत बसले होते. मला बघून जाळं बाजूला सारलं. मी खाली त्यांच्या पायाशी बसलो आणि पहिल्यापासून सांगितलं. सुकलेली नळी, दुसरी नळी, दुकानदाराचं बोलणं, साखरपुडा, कॅनकडे बघून बोललेलं वाक्य. काही राखलं नाही. नळी त्यांच्या हातात दिली. त्यांना वाचता येत नाही, त्यांनी ती वर-खाली फिरवून बघितली आणि परत दिली.

मी वाट बघत होतो की ते शिवी देतील. थोबाडीत मारली असती तर पाय धरले असते.

नाखवा हसले. "तुजा बाप पन असाच व्हता. दुसऱ्याचं वजं आपल्या डोक्यावर घ्याचा."

"नाखवा, मी खरं बोलतोय!"

"काल डॉक्टरीनबायचा पन फोन आला व्हता. ती पन ह्येच बोलली. भली बाय. भारतीनं तुमाला कायतरी सांगितलं आसंल, म्हनून दोगांनी मिलून ठरवलं, म्हाताऱ्याला बरं वाटूं द्या. मना कलतं रं. मी येडा नाय."

"आईची शपथ घेऊन सांगतो."

"आये!" त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. "माज्यासाटी खोटी शपथ घेतंस? येवरा मोटा नाय मी. ठेव ती नली पिशवीन." आणि आत वळून ओरडले, "भारती, चा ठेव गं. जनू आलाय."

भारती दारात उभी राहून सगळं ऐकत होती. तिला पटलं होतं, तिच्या तोंडावर दिसत होतं. ती माझ्याकडे एकटक बघत राहिली आणि आत गेली. मी पुन्हा सांगायला लागलो. बुरशीचं औषध कसं झिरपतं, कोळंबी आधी का मरते, सगळं. नाखवा मान हलवत ऐकत होते, आपण जशी तापातल्या माणसाची बडबड ऐकतो तशी. चहा आला. भारतीने माझा कप हातात दिला नाही, जमिनीवर ठेवला.

चहा पिऊन झाल्यावर नाखव्यांनी माझ्या पाठीवर हात फिरवला. "मनाला लावून घेव नको, पोरा. मानसाच्या हातून चूक व्हतं. माज्या हातून जाली, मी तुज्या दारान येवून कबूल केली, मोकला जालो. चूक कबूल करायाला लाजू नये मानसानं."

मी "बरं नाखवा" म्हणालो आणि उठलो.